आबा कुबल आणि त्यांची दोनशे चौदा माणसं

"गो बाय, तुका माणसां मोजूक येतत?"

आबा कुबल माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात, एसटीच्या थांब्यासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सातबाराचे अर्ज, लग्नपत्रिका, पोरांचे बायोडेटा, असलं माझं काम. त्या सकाळी एक उंच, खांद्यात वाकलेला म्हातारा दारात आला, खांद्यावरची रेक्झिनची पिशवी त्याने माझ्या टेबलावर उपडी केली आणि तिच्यातून सोळा जाड वह्या बाहेर पडल्या.

"कसली माणसां?" मी विचारलं.

"माझी. जिती येगळी मोज, मेलेली येगळी. माका आता मेळ लागना नाय. काल एकाक लढाईक पाठवलंय आणि मगे आठवलां, तेका मी चौथ्या भागातच मारलंय."

त्या वह्यांत 'आकाशदर्या' होती. आबांनी बावीस वर्षं लिहीत आणलेली अंतराळातली कादंबरी, तिचे तेव्हाच सोळा भाग झालेले. ती कुठे छापलेली नव्हती आणि छापावी असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना फक्त टाइप केलेली एक नीट प्रत हवी होती, आणि पात्रांची यादी. ती यादी करायला मला तीन महिने लागले. दोनशे चौदा माणसं जिवंत निघाली, सत्त्याण्णव मेलेली. यादी हातात घेऊन आबा बाकावर बसले आणि मेलेल्यांची नावं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "बरीच झाली गो."

आबा मूळचे तारकर्लीचे. एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर आचारी होते. निवृत्त झाल्यावर सगळे खलाशी समुद्राकाठी घर बांधतात. आबांनी कट्ट्याला बांधलं. "तेचो आवाज पुरे झालो," एवढंच कारण ते सांगत. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. जहाजावर रात्रीच्या जेवणानंतर खलाशांना सांगायला म्हणून त्यांनी ही गोष्ट सुरू केली होती. दर बंदरावर जुनी माणसं उतरायची, नवी चढायची, आणि नव्यांना मागचं काही ठाऊक नसायचं. म्हणून मग लिहून ठेवायला लागले.

गोष्ट अशी: 'सातेरी' नावाचं एक भलंमोठं तारू ताऱ्यांमधून घरी परत निघालं आहे. त्याच्या मागे तांबड्या धुळीचं साम्राज्य लागलंय, जे एकेक ग्रह खणून पोकळ करतं आणि टाकून देतं. ही आबांनी रेडीच्या बंदरात खनिज भरताना पाहिलेली तांबडी धूळ; ती जेवणाच्या पातेल्यात उतरायची म्हणे. 'सातेरी'ची कप्तान इंदुमती, सुकाणूवर बाळा, वासावरून तारा ओळखणारी आंधळी जानकी, मालवणीत शिव्या देणारा एक यंत्रमानव. आणि भिकू आचारी, ज्याची सोलकढी वजन नसल्यामुळे गुलाबी थेंबांनी हवेत तरंगते आणि खलाशी ती उड्या मारून तोंडात झेलतात. टाइप करताना मी एकटीच हसायचे. अर्ज घ्यायला आलेली माणसं माझ्याकडे बघायची.

सगळी नावं खऱ्या माणसांची. कट्ट्याच्या थांब्यावर बसून आबा कोणालाही गाठायचे. "तुझां नाव दी माका." आणि दुसरा प्रश्न ठरलेला, "मारलंय तर चलात?" परवानगीशिवाय त्यांनी कोणाला कधी मारलं नाही. आमचा शिंपी हात जोडून म्हणाला होता, "नको आबा, माझ्या चेडवाचा लगीन व्हायचा आसा." त्याला आबांनी चौदा भाग सांभाळला. पोस्टातल्या बाई खिडकीमागून म्हणाल्या, "मारा हो, पण आधी बढती द्या." त्या कप्तान इंदुमती झाल्या. बाळा कंडक्टर तर गाडी थांबली की खिडकीतून ओरडून विचारायचा, "आबानूं, खंय पोचलंय मी?"

सिद्धेशने नाव दिलं ते माझ्याच दुकानात. तारकर्लीचा पोरगा, तेवीस-चोवीस वर्षांचा, इंजिनाचं शिक्षण झालेला. पहिल्याच जहाजावर निघाला होता आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला आला होता. आबा बाकावर बसलेलेच होते. नाव मागितलं, दुसरा प्रश्न विचारला. सिद्धेश हसला. "मारा खुशाल. पण फुकट मारू नकात."

"फुकट मी कोणाक मारनय नाय," आबा म्हणाले. मग त्यांनी त्याला अर्धा तास जहाजाबद्दल सांगितलं. कोणाशी नीट वागायचं, कोणत्या समुद्रात पोट बिघडतं, आईला फोन कोणत्या वारी करायचा. पोरगा टेबलावर कोपर टेकून सगळं ऐकत होता.

सात महिन्यांनी एकोणिसावा भाग टाइप करायला आला. त्यात साम्राज्याच्या हल्ल्यात 'सातेरी'च्या बाहेरच्या बाजूची एक नळी फुटते. ती बंद केली नाही तर इंजिनघरातली चाळीस माणसं भाजून मरणार. दुसरा इंजिनियर सिद्धेश बाहेर जातो, झडप बंद करतो, आणि परतताना त्याची दोरी तुटते. अंगावरच्या पोशाखात बारा तासांची हवा. जहाज वळवलं तर शत्रूच्या तोंडात जाणार, म्हणून कप्तान इंदुमती जहाज वळवत नाही. मी टाइप केलं, डोळे पुसले आणि फाइल बंद केली. आबांना म्हटलंसुद्धा, "बरो मारलात हो." चांगलं लिहिलंय अशा अर्थाने.

महिन्याभराने तारकर्लीहून बातमी आली. सिद्धेश जहाजावरून बेपत्ता होता. सकाळच्या हजेरीला तो नव्हता. दोन दिवस शोध घेतला, मग जहाज पुढे गेलं. कंपनीने घरी कळवलं ते एवढंच, चार ओळींत.

आबा त्या दिवशी दुकानात आले आणि उभेच राहिले. "मी लिवलंय," ते म्हणाले. "मी लिवलंय आणि तसां झालां."

मी त्यांना खूप समजावलं. योगायोग म्हणतात त्याला, तुमच्या वहीचा आणि त्या समुद्राचा काय संबंध. ते मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. त्यांनी एकोणिसाव्या भागाची प्रत मागितली. मी प्रिंट काढत असतानाच दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, बारीक, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. सिद्धेशची आई, सुनंदाकाकी.

"आबा कुबल तुमीच?" तिने विचारलं. "माझ्या झिलान फोनार सांगल्यान, मी आबांच्या पुस्तकात आसय म्हणान. तो खंय आसा थंय, तां माका वाचून दाखवा."

प्रिंटरमधून एकेक पान बाहेर पडत होतं. मी आबांकडे पाहिलं. ती पानं त्यांनी हातात घेतली, चष्मा लावला, आणि पानावर नजर ठेवून पानात नव्हतं ते वाचलं. सिद्धेश नळी दुरुस्त करायला बाहेर गेला, त्याची दोरी तुटली, तो दूर चालला. इथवर खरं. आणि मग, "कप्तान इंदुमतीने हुकूम दिला. जहाज वळवा. एक माणूस बाहेर आहे."

सुनंदाकाकीने पदर सारखा केला आणि म्हणाली, "कंपनीवाल्यांनी दोन दिसांत सोडून दिल्यानी. तुमी सोडू नकात." आणि पुढच्या मंगळवारी येते म्हणून सांगून गेली.

अशी ती चौदा महिने आली. तारकर्लीहून मालवण, मालवणहून कट्टा, दर मंगळवारी. आणि आबांना बावीस वर्षांची गोष्ट मोडून टाकावी लागली. साम्राज्य, लढाया, घराकडची वाट, सगळं राहिलं बाजूला. दोनशे माणसांचं तारू उलटं फिरलं आणि एका इंजिनियरला शोधू लागलं.

सुरुवातीला मला वाटलं, बरं झालं. बाईला आधार आहे, आबांना काम आहे. पण आबा जन्मभर जहाजावर राहिलेले, खोटं जहाजसुद्धा त्यांना खोटं चालवता येत नव्हतं. उलटं फिरायचं तर इंधन लागतं, शत्रूच्या टापूतून जायचं तर माणसं मरतात. ते थांब्यावर जाऊन एकेकाला पुन्हा विचारू लागले. आता "चलात?" विचारताना त्यांचा आवाज खाली गेलेला असायचा. शिंप्याच्या मुलीचं लग्न झालं होतं; तो म्हणाला, "सिद्धेशासाठी ना? मारा." जानकी गेली, यंत्रमानव गेला. बाळा कंडक्टरने खिडकीतून ओरडायचं बंद केलं. गाडी थांबली की तो खाली उतरायचा आणि आबांना हळूच विचारायचा, "सिद्धेश गावलो?"

आणि ती बाई साधं ऐकून घेणारी नव्हती. ती हिशेबाने विचारायची. "तेच्याकडे हवा कितकी होती?" बारा तासांची, हे आबा पहिल्याच दिवशी वाचून बसलेले. मग त्यांनी एक सोडून दिलेलं जुनं तारू त्याच्या वाटेत आणलं, त्यात त्याला शिरवलं, त्यात हवा ठेवली. तिने विचारलं, "थंय थंडी आसा? अंगात काय आसा तेच्या? भियाला काय तो?" कंपनीला तिने हेच विचारलं होतं. तो काय घालून होता, जेवला होता का, शेवटी कोणाशी बोलला. कोणी उत्तर दिलं नव्हतं. आबा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहून आणायचे. त्यासाठी रविवारपासून जागेवरून उठायचे नाहीत.

दहाव्या महिन्यात आबांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे, रिक्षाने. जाताना ते वही घेऊन जायचे. एका हातात सुया, म्हणून दुसऱ्या हाताने लिहायचे, आणि ते वेडंवाकडं अक्षर मला लागायचं नाही. मंगळवारी मात्र स्वतः वाचायचे. दोन ओळी झाल्या की थांबायचे, श्वास घ्यायचे, पुढे वाचायचे. सुनंदाकाकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत थांबायची.

"बाय," एक दिवस त्यांनी मला घरी बोलावून सांगितलं, "माका तो गावना नाय."

"म्हणजे?"

"रोज लिवतंय. जहाज नेतंय, दार उघडतंय, आत बघतंय. आत कोण नाय. मी काय करू? तू लिही गो. तू लिही आणि तेका घराक घेवन ये."

मी लिहिलं. आठ दिवस बसून लिहिलं. सिद्धेश सापडतो, अशक्त झालेला, पण जिवंत. भिकू आचारी त्याला चमच्याने पेज भरवतो. आबांनी ते सगळं वाचलं, पानं नीट जुळवली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "बरां लिवलंस. पण ह्यां खोटा आसा. तिका कळतलां." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी बराच वेळ बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. सत्तरीच्या माणसाला असं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि हात लावावा की न लावावा हे मला कळेना.

पुढच्या मंगळवारी त्यांना दुकानापर्यंत येववलं नाही. सुनंदाकाकीला घेऊन मीच त्यांच्या घरी गेले. दुपारची वेळ, ते घरासमोरच्या खळ्यात खाटेवर बसले होते, पाय सुजून खांबासारखे झालेले. त्यांच्या मांडीवर एकोणिसावा भाग होता.

"सुनंदा, बस," ते म्हणाले. "मी तुका खोटा वाचून दाखवलंय. पयल्याच दिसाक. खरां येगळां होतां. खबर येवच्या आधी म्हयनोभर मी तेका मारलेलंय."

ती खाली बसलीच नाही. म्हणाली, "काय लिवलास तां वाचा."

आबांनी वाचलं. झडप बंद होते, चाळीस माणसं वाचतात, दोरी तुटते. जहाज वळत नाही. सिद्धेशच्या कानातला रेडिओ अजून चालू आहे, जहाजावरचा आवाज त्याला ऐकू येतो आणि त्याचा जहाजाला. जेवणघराच्या खिडकीचा उजेड लहान होत चाललाय. भिकू आचारी रडत रेडिओवर येतो, तुझं ताट झाकून ठेवतो म्हणतो. सिद्धेश म्हणतो, "झाकून ठेवू नकात. माझ्यासाठी थांबू नकात. तुमी जेवून घेवा." आणि आपल्या हाताने रेडिओ बंद करतो.

"मागे वळान बघल्यान तेना?" सुनंदाकाकीने विचारलं.

"बघल्यान. उजेड दिसा होतो तवसर."

"आणि मगे ह्यां माका आधी कित्याक नाय वाचलास?" तिचा आवाज एकदम चढला. शेजारच्या खळ्यातली माणसं बाहेर आली. "चवदा म्हयने, आबा! चवदा म्हयने मी माझ्या झिलाक पाण्यात ठेवलंय. रोज तेका थंडी वाजता, रोज तेका भूक लागता, रोज तो माका हाक मारता. तेका मराक दिलास नाय तुमी. माका रडाक दिलास नाय."

आबांनी हात जोडले. ती निघाली. मी फाटकापर्यंत धावले, पण तिने मागे पाहिलं नाही. पुढचा मंगळवार आला, ती आली नाही. त्यापुढच्याही मंगळवारी नाही.

मग तारकर्लीहून निरोप आला, सिद्धेशचे दिवस घालतायत. इतके महिने त्या घरात कोणी तो विषय काढू दिला नव्हता. आबा जायचंच म्हणाले. रिक्षात त्यांना आडवं घालून नेलं. अकरा वर्षांनी ते गावात शिरत होते. देह नव्हता म्हणून भटजींनी दर्भाचा पुतळा केला होता. तारकर्लीच्या वाळूत समुद्राकडे तोंड करून त्याला अग्नी दिला. आबा माडाला टेकून बसले होते. एवढा लहान जाळ, दोन मिनिटांत विझला. सिद्धेशचा बाप पाठ फिरवून घराकडे चालू लागला. तेराव्याच्या जेवणाला आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा सुनंदाकाकीने स्वतः आबांसमोर केळीचं पान मांडलं. त्यांच्याशी ती अजून बोलली नव्हती. वाढून झाल्यावर समोर उभी राहिली आणि म्हणाली, "जेवा." डायलिसिसच्या माणसाला जे जे वर्ज्य ते सगळं त्या पानावर होतं. आबांनी पान स्वच्छ केलं.

त्यानंतर ते सव्वीस दिवस जगले. ते दिवस मला आठवू नयेत असं वाटतं. शांतपणे गेले असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. त्यांना उरलेल्यांचा घोर लागला होता. दोनशे चौदांतली एकशे एक्केचाळीस उरली होती, शत्रूच्या टापूत खोल, इंधन संपत आलेलं. "तेंका मी थंय नेलंय," ते म्हणायचे, "आणि आता मधीच सोडून जातंय." रोज एक पान लिहायला बसायचे आणि दोन ओळींत हात गळायचा. मग नुसती नावं घ्यायचे. मी यादी धरून खूण करायचे. शेवटच्या आठवड्यात नावंही निसटू लागली, तेव्हा माझा हात घट्ट धरून विचारायचे, "तो कोण गो? सुकाणूवरचो? तेचां नाव काय?" मी म्हणायचे, बाळा. "हां, बाळा. तेका सांग, उजवीकडे ठेव म्हणान." असं सांगता सांगता एका दुपारी ते गेले. 'सातेरी' घरी पोचली नाही.

ती मी पोचवलेली नाही. दोनदा फाइल उघडली, बंद केली. बाळा कंडक्टरने एकदा विचारलं, "मगे आमचां काय?"

आबांच्या बाराव्यानंतर एका मंगळवारी सुनंदाकाकी दुकानात आली. तिला एकोणिसाव्या भागातली ती पानं हवी होती. मी प्रिंट काढली, पिन मारली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. सवयीने विचारलं, "काकी, वाचून दाखवू?"

"नको," ती म्हणाली. "माका वाचूक येता गो. सातवी शिकलंय मी."

एवढे महिने, दर मंगळवारी, दोन गाड्या जायला आणि दोन गाड्या यायला.

"आमच्या घरात तेचां नाव घेवक देय नत," ती म्हणाली. "तेच्या बापाशीन बंद केल्यान होतां. नाव काडलां की पानावरसून उठान जाय. माका तेचां नाव कोणाच्या तरी तोंडान आयकाक व्हया होतां."

"आबांना ठाऊक होतं? तुला वाचता येतं ते?"

"पयल्याच दिसाक. जाताना मी बोर्ड वाचून गाडयेत चढलंय, तां तेनी बघल्यानी. पुढच्या मंगळवारी इलंय तेव्हा माका हळूच म्हणाले, तू आयक. मी वाचतंय."

मालवणची गाडी लागली होती. तिने पिशवी पदराखाली घेतली आणि रस्ता ओलांडून गेली.